पहिल्याच दिवशी परत जाणारा संघ

परवा फोनवर तू रडवेली झाली होतीस. तुमच्या शाळेचा संघ मोठ्या शाळांच्या गटात टाकला म्हणालीस, आणि विचारलंस, "आजी, हे फेअर आहे का?" मागून तुझा भाऊ ओरडला, "आजीला फुटबॉलमधलं काय कळतं?" त्याचंही बरोबर आहे. मी आयुष्यात एकदाही चेंडूला लाथ मारलेली नाही. पण संघांचे गट मी पाडले आहेत, आणि एकदा फार वाईट पाडले आहेत. ते तुम्हा दोघांना सांगते.

मी भिलाईत स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आपल्याकडे ज्याचं अक्षर चांगलं त्याच्या गळ्यात सगळ्या याद्या पडतात. मुलींच्या आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेची यादीही तशीच माझ्याकडे आली. आठ शाळा, बाद पद्धत. हरला तो घरी. कोण कोणाशी खेळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. माझा जेवणाचा स्टीलचा डबा धुऊन-पुसून चिठ्ठ्यांसाठी न्यायचे, आणि सगळ्यात लहान खेळाडू त्यात हात घालायची. यात कोणाचा हात नाही, तेव्हा कोणावर अन्यायही नाही, असं आम्ही सगळेच मानत होतो.

त्या आठांत हथखोजकडची एक शाळा होती. कारखान्यांच्या मधोमध वसलेली, पहिली ते बारावी. त्यांना खेळाचा शिक्षक नव्हता. गणिताचे सरच संघ घेऊन यायचे. दोन ऑटोंत दाटीवाटीनं बसून मुली सकाळी आमच्या मैदानावर उतरायच्या, पहिला सामना हरायच्या आणि दुपारच्या आत परत जायच्या. लागोपाठ तीन वर्षं हेच झालं. "नाश्त्याले येते अन् जेवनाच्या आधी जाते," असं आमचे खेळाचे सर हसून म्हणायचे. मीही एकदा हसले होते, हे लिहून ठेवते.

चौथ्या वर्षी मला वाटलं, हे सुधारावं. मी आठही शाळांची पटसंख्या मागवली, पट्टीनं रेघा मारून तक्ता केला आणि दोन गट पाडले. चार मोठ्या शाळा एकीकडे, चार लहान दुसरीकडे, दोन्हींना वेगळा कप. ज्या शाळेत मुलं जास्त तिथे निवडीला वाव जास्त, इतका साधा विचार. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. तक्ता मी फाइलमध्ये लावला तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

त्या तक्त्यात आमची शाळा 'लहान' निघाली. प्लांटमधली माणसं निवृत्त होऊन आपापल्या गावी गेली, क्वार्टर रिकामे पडले, तशी आमची पटसंख्या उतरत गेली होती. मैदान मात्र होतं तेच, हिरवं आणि सपाट. गोलांना जाळ्या होत्या. रोज पहाटे सराव घेणारे खेळाचे सर होते. आणि हथखोजची शाळा 'मोठी' निघाली, कारण तिथे पहिली-दुसरीचे वर्ग ओसंडून वाहत होते.

काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. आमच्या मुलींनी लहान शाळांचा कप हसत-खेळत नेला. हथखोजच्या मुली मोठ्या गटात पहिल्याच सामन्यात नऊ गोलांनी हरल्या. मैदानाच्या कडेला कोणीतरी मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालं, "मॅडमनं आपल्या घराच्या मापानं गट शिवले." मी घरी येऊन बेरजा पुन्हा तपासल्या. एकही चूक नव्हती.

आठवड्याभरानं गणिताचे सर घरी आले. भंडाऱ्याकडचा माणूस, बोलणं हळू. चहा घेतला, तक्ता मागून घेतला, चष्मा वर करून पाहिला.

"मॅडम, तुमची बेरीज चुकली नाई," ते म्हणाले. "पन तुमी मोजलं काय, ते तं सांगा."

"मुलं मोजली, सर."

"पयलीतलं पोरगंही मोजलं. ते काय आमच्या गोलात उभं राहनार हाय?"

मग ते मुद्द्यावर आले. त्यांच्या प्राचार्यांनी सांगून टाकलं होतं, पुढच्या वर्षीही संघ पहिल्याच दिवशी परत आला तर फुटबॉल बंद. चेंडू कपाटात आणि मुली वर्गात. कर्णधार अकरावीत होती. तिची धाकटी बहीण आठवीत, नुकती खेळायला लागलेली.

"मोठीचं काय, ती एक वर्सानं जाईनच," सर म्हणाले. "पन मांगून येनाऱ्या पोरी हायेत नं. त्याहिले खेळाले काई उरनार नाई. कप नाई मांगत मी, मॅडम. दुसरा दिवस मांगतो."

त्या रविवारी तुमच्या आजोबांनी मला स्कूटरवर हथखोजला नेलं. थंडीचे दिवस होते, ऊन चांगलं पडलं होतं. शाळेमागचं मैदान म्हणजे दोन शेडमधली मोकळी जागा. गोलाचे खांब भंगारातल्या पाइपांचे. कर्णधाराच्या वडिलांनी वेल्डिंग करून उभे केलेले. आम्ही पोचलो तेव्हा मुली खेळत नव्हत्या. एका रांगेत हळूहळू चालत होत्या, माना खाली घालून. कर्णधाराच्या हातात एक दोरी होती आणि दोरीला बांधलेलं भलंमोठं चुंबक ती मातीवरून ओढत नेत होती.

"हे काय करता?" मी विचारलं.

"मैडम जी, पहले लोहा बीनते हैं, फिर खेलते हैं," ती म्हणाली. "नहीं तो गिरने पर घुटने में घुसता है."

तिनं चुंबक उचलून दाखवलं. लेथवरचा कीस, तारांचे तुकडे, एक वाकडा खिळा. बाजूच्या शेडमधून उडून आलेलं सगळं. सरावाचा पहिला अर्धा तास रोज असाच जायचा. बाकीच्या मुली चुंबकातून सुटलेलं हातानं वेचायच्या. धाकटी बहीण डब्यात जमा करत होती आणि मोठीवर डाफरत होती, "दीदी, इधर छूट गया, देखती नहीं क्या?"

मी कर्णधाराला विचारलं, नववी ते बारावीत मुली किती. तिनं मनातल्या मनात वर्ग मोजले. चाळीसच्या आसपास. त्यातल्या खेळायला परवानगी मिळालेल्या चौदा. माझ्या तक्त्यात या चौदांच्या नावापुढे आख्खी शाळा लिहिलेली होती.

परत येताना मी म्हटलं, "आता नुसत्या मोठ्या वर्गांतल्या मुली मोजते."

आजोबांनी स्कूटर हळू केली. "तू मोजतच राहाशीन. आमच्या प्लांटच्या मिलमदे नवा पोरगा आला का त्याचे घरचे किती, हे कोनी इचारते काय? त्याचा कामाचा हात पायते. हात बसला का वरच्या कामावर."

"आणि नाही बसला तर?"

"तं खाली आनते. पुन्ना शिकवते. त्यात लाज कायची?"

तुमच्या आजोबांना फुटबॉल मुळीच आवडत नसे. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी जुन्या स्पर्धांची फाइल काढली. कुठली शाळा किती वेळा पहिल्या दिवसापुढे गेली आणि किती फरकानं हरली, एवढंच पाहिलं. दोन गट आपोआप वेगळे दिसायला लागले. आमची शाळा वरच्या गटात होती. दुसरीकडे कुठे ठेवायला जागाच नव्हती.

पुढच्या स्पर्धेआधी शिक्षकांची सभा आमच्याच स्टाफरूममध्ये झाली. मी उभी राहिले आणि आधी सांगितलं की मागचा तक्ता चुकीचा होता आणि तो माझा होता. मग नवीन मांडला. गट मागच्या कामगिरीवरून पाडायचे. गटातल्या चार शाळांपैकी प्रत्येकीनं उरलेल्या तिघींशी खेळायचं, म्हणजे कोणीही आलं तरी तीन सामने नक्की. शेवटी वरच्या गटातली शेवटची शाळा खाली येणार, खालच्या गटातली पहिली वर जाणार. दर वर्षी.

आमचे खेळाचे सर लालबुंद झाले. "मॅडम, घरचा कप दुसऱ्याले देऊन राहिल्या तुमी. कावून?"

"कारण तो आपण लहान मुलाच्या हातून घेतलाय, सर."

दुर्गहून आलेल्या एका मॅडमनी विचारलं, इतके सामने बसवणार कुठे? परीक्षा तोंडावर आहेत. हा प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर मी करून नेलं होतं. सामना वीस-वीस मिनिटांचा, रोज चार सामने, तीन दिवसांत सगळं पूर्ण. "आणि हरलेल्यांचे सामने पाहणार कोण?" आणखी कोणी म्हणालं.

कोपऱ्यातून गणिताचे सर म्हणाले, "खेळनारे पायतीन. त्याहिले आजवर पुरा खेळ पायाले भेटलाच नाई."

हात वर झाले. आमच्या सरांचा झाला नाही. आठांपैकी पाच शाळांचा झाला, आणि माझं काम झालं.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी हथखोजच्या मुली पहिला सामना तीन गोलांनी हरल्या. मी टेबलाशी बसून निकाल लिहीत होते. साडेअकराला फाटकाशी दोन ऑटो येऊन उभे राहिले. ऑटोवाले दर वर्षीच्या सवयीनं आले होते, आणि मुलींमधल्या दोघी-तिघींनीही सवयीनं पिशव्या उचलल्या. कर्णधार बूट सोडत होती. तशीच एक बूट पायात, एक हातात घेऊन ती फाटकापर्यंत गेली.

"काका, अभी रुको. बाकी मैच देखेंगे, फिर जाएँगे," ती म्हणाली. "और कल सुबह फिर आना है."

"कल? कल काहे को?" ऑटोवाल्याला खरोखरच कळलं नाही.

"कल भी मैच है."

त्या दुपारी मुलींनी वरच्या गटाचे सामने पाहिले, सगळ्या एका रांगेत बसून. दुसऱ्या दिवशी त्यांनी बरोबरी साधली. तिसऱ्या दिवशी प्राचार्य स्वतः आले. हातात गाडीची किल्ली होती, चेहऱ्यावर काही नव्हतं. मुली एका गोलानं जिंकल्या. तो गोल म्हणजे गोंधळात कोणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेलेला चेंडू होता. संघातल्या दोघी अजूनही तो आपलाच म्हणतात. गटात त्यांचा नंबर तिसरा आला. कप नाही, वरचा गटही नाही.

गणिताचे सर प्राचार्यांपुढे जाऊन उभे राहिले. "साहेब, पयल्या दिवशी परत नाई आलो."

प्राचार्यांनी मैदानाकडे पाहिलं. तिथे धाकटी बहीण मोठीच्या पाठीवर बसून ओरडत होती. "मैदान तो अच्छा है इनका," ते म्हणाले. "अपने यहाँ वो लोहा वाला चक्कर कुछ कराओ." संघ बंद करण्याचा विषय त्यांनी काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

आमची शाळा वरच्या गटात तिन्ही सामने हरली आणि शेवटची आली. आमच्या मुली रडल्या. पण कप जिंकला त्या वर्षीपेक्षा त्या किती तरी चांगल्या खेळल्या होत्या. खेळाचे सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी आम्ही खालच्या गटात गेलो, आणि तिथे हथखोजशी सामना झाला तेव्हा आठवीतली ती धाकटी आता दहावीत होती आणि संघात होती. कोण जिंकलं ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुझा भाऊ तेवढंच लक्षात ठेवेल.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुमच्या शाळेला मोठ्या गटात कशावरून टाकलं, ते आधी तुमच्या सरांना विचार. मुलं मोजली असतील तर कोणती मोजली, तेही विचार. रडून नाही, नीट उभं राहून. आणि आणखी एक विचारून ठेव: पहिला सामना हरलात तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला पुन्हा यायचं आहे का? यायचं असेल, तर गट थोडा चुकला तरी चालेल. नसेल, तर मला फोन कर. तक्ता कसा करायचा ते मी सांगते. पट्टी आणि फाइल दोन्ही अजून माझ्याजवळ आहेत.