शकूची अर्धी भाकर

शकू जेवायला बसली की आधी भाकरीचे दोन तुकडे करायची आणि एक फडक्यावर बाजूला ठेवायची. कोणी आलं तर त्याचा. तिची आई सोडली, तर आमच्या किकवी गावात तो तुकडा कधी कोणी उचलला नाही. शकूच्या ओठांवर आणि बोटांवर कोड होतं.

‘चितकबरी’ हे नाव तिला शाळेत मीच ठेवलं. घरं शेजारी, बाकही एकच. वर्ग तिला चिडवायला लागला तशी मी ऐटीत बाक बदलला. पुढे तिला बघायला आलेला पाहुणाही ‘चितकबरीचं घर कुठलं’ असं विचारत आला आणि चहा न घेता गेला. आम्ही पोट धरून हसलो.

भातलावणीला आम्ही बायका गोल बसून एकमेकींची कालवणं खायचो. शकू लांब बांधावर. एकदा ती अर्धी भाकर घेऊन माझ्याकडे आली. “खा की गं, सकाळीच थापलीया.” सगळ्या बघत होत्या. मी भाकर घेतली आणि तिच्यादेखत कुत्र्याला टाकली. “त्याला तरी आवडली,” म्हणत शकू चिखलात उतरली.

नंतर बाजारात ओळख झालेल्या एका बाईनं तिला भोरला चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेला नेलं. तिथे पाव मोडून सगळ्यांनी वाटून खायची रीत. एका रविवारी पाव आणायचा राहिला, तेव्हा पाळकांनी शकूच्या फडक्यातली भाकर मागून घेतली. ती एसटीतून रडतच उतरली. मला वाटलं, तिथूनही हाकललं. “समद्यांनी खाल्ली गं,” एवढंच म्हणाली.

मी कुचकटपणे विचारलं, “मग येशूनं कोड घालवलं का?”

“न्हाई. पर महारोग्याला त्यानं आदी हात लावला, मग बरं केलं. मला हात लावला, तेवढं बास.”

गेल्या वर्षी भोरच्या स्टँडवर भेटली. आजारानं वाळली होती. फडकं सोडून तिनं भाकर मोडली. मी हात पुढे करणार होते, खरंच. पण समोर गावातल्या दोघीजणी बसल्या होत्या. शकूनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो तुकडा स्वतःच कुत्र्यापुढे ठेवला.

“ऱ्हाऊ दे. या टायमाला म्याच टाकते.”

पंधरा दिवसांत ती गेली. स्टँडवर त्या दिवशी मला खरंच भूक लागली होती, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.