वानराच्या दहाव्याला दिलेली मिशी

एक कप चहा पाजला की तुम्हाला वाटतं, म्हाताऱ्याचं तोंड विकत घेतलं. "अण्णा, ती वानराची गोष्ट सांगा!" इतकी वर्षं झाली, तुमची हौस फिटेना. माझी फजिती तुम्हाला बिस्किटासारखी चहात बुडवून खायची असते. सांगतो. पण मध्ये कुणी दात काढले तर उठून जाईन.

मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. मखमलाबादच्या पुढं आमचा मळा, वांगी आणि झेंडू. दर शनिवारी बांधावर एक म्हातारं वानर यायचं. काळं तोंड, लांब शेपूट, डावा कान फाटका. त्र्यंबकला पिशव्या हिसकावतात ती लाल तोंडाची माकडं वेगळी, ती गालात चोरीचा माल कोंबतात. हे आपलं शांत, पाला खाणारं. मी त्याला फुटाणे घालायचो. नाव ठेवलं होतं पाटील. त्याच्या एका खाकरण्यावर पंधरा माद्या आणि पोरं उठायची. माझं तर घरात कुत्रं ऐकत नव्हतं!

एका शुक्रवारी विजेच्या तारांखाली वानर मरून पडलेलं. डोक्याची डावी बाजू पार भाजलेली, कान कुठला दिसायला? मी आरोळी ठोकली, "पाटील गेला रे!" गाव जमलं. हार आले, गुलाल आला, टाळ-मृदंग घेऊन भजनी मंडळ आलं.

तेवढ्यात आमचा पुतण्या दिलीप आला. थोरल्या भावाचा मुलगा, कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. खाली बसला आणि वानराचा ओठ वर केला.

"काका, हा आपला पाटील नाही."

"का? तुला येऊन सांगून गेला?"

"सुळे बघा, जरासुद्धा झिजलेले नाहीत. हा तरणा नर आहे, बाहेरचा. ह्यांच्या टोळीत बहुतेक एकच मोठा नर असतो. बाहेरचा येतो, मारामारी करतो, जुन्याला हाकलून टोळी बळकावतो. कधीकधी पिल्लंसुद्धा मारतो."

"मेलेल्याची बदनामी करतोस? मास्तर झालास म्हणून?"

त्यानं वानराचा हात उचलून सगळ्यांना दाखवला. "हे बघा, मांजरासारख्या नख्या नाहीत, माणसासारखी चपटी नखं. अंगठा आहे, डोळे समोर आहेत. वानर, माकड, बिनशेपटीचा गोरिला आणि आपण, सगळे एकाच नरवानर गणातले."

झालं! मी शब्द पकडला. "ऐकलं का रे? भाऊबंद निघाला! मग सुतक आलंच. दहावा मी घालणार, मिशीसकट केस देणार!"

लोकांनी जयजयकार केला. दिलीप उठला, गुडघे झटकले आणि हळूच म्हणाला, "माझ्या बापाच्या दहाव्याला तुम्ही मिशीला हात लावू दिला नाही, काका."

खरं होतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्याशी आठ वर्षं बोलणं नव्हतं. त्याच्या दहाव्याला गोदावरीवर गेलो, पण लांब उभा राहिलो, मिशीला पीळ देत. म्हणून काय चारचौघांत काढायचं? मी ओरडलो, "गप बस, शहाण्या!"

तो गप बसला.

दहाव्या दिवशी पाटाच्या कडेला न्हाव्यानं माझी चाळीस वर्षांची मिशी उतरवली. पिंड ठेवला. कावळा शिवेना. तास झाला, दीड तास झाला. वरून ऊन, खाली माझं ताजं टक्कल!

"इच्छा राहिली असंल त्याची," भजनी मंडळाचा काशिनाथ म्हणाला. "अण्णा, कायतरी कबूल करा!"

मी हात जोडले. "पाटील, तुझी बायकापोरं ती माझी. वांग्याचं वावर त्यांना मोकळं!"

तर आंब्यावरून धपकन काहीतरी खाली आलं. काळं तोंड. लांब शेपूट. फाटका कान! लंगडत लंगडत पाटील पिंडापाशी बसला आणि खायला लागला. कावळा राहिला बाजूला, मयतच येऊन जेवलं हो!

म्हणजे मेला तो पाटलाच्या मुळावर उठलेला. त्याच्याशी भांडून पाटील दहा दिवस कुठंतरी जखमा चाटत बसला होता. आणि मी मिशी दिली ती त्याच्या वैऱ्याला!

गाव जमिनीवर लोळायचं बाकी होतं. मी पुढं झालो, "पाटील, अरे मी!" त्यानं माझ्याकडं बघून सगळे दात दाखवले.

"बघा, त्यो बी हसतोय!" काशिनाथ.

"हसत नाही," दिलीप मागून बोलला. "भ्यालाय. असं दात दाखवणं म्हणजे त्यांच्यात भीती. बिनमिशीचं ओळखलं नाही त्यानं तुम्हाला."

वांग्याचं वावर टोळीनं आठवड्यात साफ केलं. शब्द दिलेला, हाकलणार कुठल्या तोंडानं? मिशी परत आली ती विरळ आणि पांढरी. दिलीप मात्र त्या दिवसापासून मळ्यात आला नाही.

घरचे म्हणतात, तुम्हीच जा, चूक तुमची. मी का जाऊ? त्याला दात कळत होते ना? मग गप बस म्हटलं की गप बसायचं? काकाला बखोटीला धरून न्हाव्यापुढून उठवायचं नाही? पाटलानंसुद्धा मिशी फुटल्यावर ओळखलं मला, पुन्हा हातातून फुटाणे घेतले. हा अजून रस्त्यात समोरून सरळ निघून जातो. म्हणून सांगतो, लिहून ठेवा. माझी माफी एकानंच मागायची राहिलीय. आमच्या थोरल्याच्या दिलीपनं.