मामानं टाळीपाशी कापलेली भाषणं

बेलवलीहून मामीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात चहा पीत होते. "अगं, तुझे मामा..." एवढंच बोलली, पुढचं तिच्या रडण्यातूनच कळलं. माझ्या मनात आधी आली ती आई. तिचा हा धाकटा, लाडका भाऊ, आणि तिला तर धड रडून बोलताही येत नाही... थांबा, नीट क्रमानं सांगते. नाहीतर विलासमामा म्हणाला असता, "तुझ्या बोलण्याला ट्रॅकच नाहीत!"

मामाचा बदलापुरात लाउडस्पीकरचा धंदा. लग्न असो की जयंती, माईक मामाचाच. आणि विहारात पौर्णिमेला भाषण असे ते आईचं. काय बोलायची! पोरांना गप्प करायचंसुद्धा बाया विसरायच्या. मामा प्रत्येक भाषण कॅसेटवर भरून ठेवायचा. मग आईला पक्षाघाताचा झटका आला. हळूहळू चालायला लागली, समजत सगळं होतं, पण वाचा अडली ती अडलीच. अर्धा शब्द यायचा आणि ती चिडून तोंड फिरवायची. तिला परत बोलायला शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, ओळखीची वाक्यं ऐकवा, मागोमाग म्हणू द्या. "ओळखीची? अहो, तिची स्वतःचीच आहेत की माझ्याकडे!" मामा तडक उल्हासनगरला गेला आणि एका सिंधी दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर कॅसेटची सीडी करून आणली. पण अख्खं भाषण एकच ट्रॅक! एखादं वाक्य हुकलं म्हणून आईनं मागचं बटण दाबलं, की गाडी थेट "उपस्थित बंधू-भगिनींनो"वर. शेवटी तिनं रिमोट फेकला. मामाच्या दिशेनं. नेमही चांगला होता.

"ताई, तुकडे करून आणतो," म्हणत मामा परत गेला. माईकवाल्याचा हिशेब काय, तर टाळी पडली की मुद्दा संपला. त्यानं प्रत्येक टाळीच्या आधी कापायला सांगितलं. "दादा, ताली पहले?" दुकानदारानं विचारलंही म्हणे. "तुम काटो, भाषण हमारे घर का है." झालं! प्रत्येक ट्रॅक टाळ्यांनीच सुरू. मी डोक्याला हात लावला. "मामा, आई तोंड उघडायच्या आत टाळ्या? लोकांना काय स्वप्न पडलं होतं?" बिचारा ओशाळला आणि दुरुस्त सीडी करून आणली. टाळ्या शेवटी, सगळं शहाण्यासारखं. आई तोंड मिटून बसली. बोटानं जुनी सीडी दाखवली. ती लावली. टाळ्या वाजल्या, आईनं छाती भरून श्वास घेतला, मान वर केली... "तर... मंडळी." टाळ्या ओसरल्या की ती कायम हेच म्हणायची! मामा खोलीभर नाचला हो. वर मला म्हणतो, "बघ, मला आधीच ठाऊक होतं." काय ठाऊक होतं, कपाळ! पुढची सगळी भाषणं त्यानं तशीच कापून आणली. आईचे शब्द वाढत गेले, पण सीडी बंद की आई बंद. चारचौघांत तर ओठच उघडायची नाही. "विहारात तुला परत बोलायला लावीन तेव्हाच माझं नाव," मामा म्हणायचा. ते तेवढं राहिलं.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला विहार गच्च भरला होता. चार माणसं बोलून गेली आणि आई आपणहून उठली. माईकपाशी गेली, उभी राहिली. ओठ हलेनात. लोक माना खाली घालून वाट बघत होते. अशा सभेत टाळ्या कोण वाजवणार? तिची बोटं साडीच्या पदराशी चाळवाचाळव करायला लागली, आता ही परत फिरणार... मला राहवेना. मी टाळ्या वाजवल्या, एकटीनं. दोघातिघांनी रागानं वळून पाहिलं. मामीला मात्र कळलं. तिनं रडत रडत टाळ्या धरल्या, मग सगळ्यांनीच. आईनं श्वास घेतला.

"तर मंडळी... माझा विलास... गेला."

आमच्या घरात हे वाक्य तोवर कुणालाच मोठ्यानं म्हणता आलं नव्हतं.