ठासणीची बंदूक भरताना

भातात रानडुकरं शिरू लागली म्हणून शेजारच्या रघुकाकांनी ठासणीची बंदूक काढली. आधी नळीत गज घालून ती रिकामी असल्याची खात्री केली. पण दारू ओतताना त्यांचे म्हातारे हात थरथरू लागले. काकी पुढे आली. तिने दारू मापून ओतली, वर काथ्या कोंबला. काका गजाने ठासू लागले, तेव्हा नळीवर झुकलेलं त्यांचं डोकं तिने हलकेच बाजूला सारलं.

"आणि छर्रे?" मी विचारलं.

"नकोत. पिल्लं असतात बरोबर," काका म्हणाले. "आवाज पुरे."

दारू पेटवणारी टोपी त्यांनी बांधावर पोचल्यावरच बंदुकीवर चढवली. "तू मागे हो गो," ते काकीला म्हणाले.

जिवावर बेतणारी वस्तू हाताळताना माणसं एकमेकांना किती जपतात!

बार झाला. डुकरं पळाली की नाही हे बघण्याआधी काकांनी वळून काकीकडे पाहिलं.