वाऱ्यापायी काढलेली मिशी

घडीच्या लोखंडी खुर्चीचे दोन्ही हात कापून मी ते सायकलला जोडले, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "आता पाहुण्यांना सायकलवर बसवा." तिचं चूक नव्हतं. खुर्ची तिच्या माहेरची होती. पण मला तेव्हा वाऱ्याने झपाटलं होतं, आणि झपाटलेल्या माणसाला खुर्ची कुणाच्या माहेरची हे कुठून दिसणार?

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, राहायला तिथल्याच कॉलनीत. चाळिशी ओलांडली होती. नाशिकमध्ये तेव्हा सायकलवाल्यांचा एक गट होता आणि थंडीत एखाद्या रविवारी ते त्र्यंबक रोडवर घड्याळाविरुद्धची शर्यत लावायचे. म्हणजे सगळे एकदम सुटायचं नाही. एकेकाने सुटायचं, मध्ये एक मिनिटाचं अंतर, आणि ज्याची त्याची वेळ मोजायची. कुणाच्या मागे लपून वारा चुकवायची सोय नाही. मी दरवर्षी शेवटून दुसरा-तिसरा यायचो. बाकीची पोरं पंचविशीतली, मला 'काका' म्हणायची आणि वर धीर द्यायची. त्या धीराचाच मला जास्त राग यायचा.

मग रद्दीच्या दुकानात एक परदेशी मासिक मिळालं. त्यातल्या सायकली बघून माझे डोळेच फिरले. मागचं चाक ताटासारखं झाकलेलं, पुढे हात ठेवायला दोन लांब दांडे, डोक्यावर शेपटीवालं हेल्मेट. तसली सायकल घ्यायची तर घर विकावं लागलं असतं. म्हटलं, घरीच करू, त्यात काय! खुर्चीचे हात वेल्डिंग करून पुढे बसवले, कोपर टेकायला जुन्या स्लीपरचे रबर कापून चिकटवले. चाक झाकायला फ्लेक्स लागला. चौकात कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स महिनाभर लोंबत होता, तो उतरवून आणला. दोन गोल कापले, छापलेली बाजू आत ठेवून नायलॉनच्या दोऱ्याने आऱ्यांना शिवून टाकले. पण ऊन पडलं की पुढाऱ्याचा हसरा चेहरा आरपार दिसायचा आणि चाकाबरोबर गरागरा फिरायचा. कॉलनीतली माणसं हात जोडून नमस्कार करायची, मला नव्हे, चाकाला. हेल्मेटची शेपटी गणपतीच्या मखरातल्या उरलेल्या थर्माकोलची. तिच्यावर सोनेरी कागदाची किनार तशीच राहिली होती. ती खरवडली तर थर्माकोलचा भुगा व्हायला लागला, म्हणून राहू दिली.

एवढं करूनही मन भरेना. त्या मासिकात लिहिलं होतं की वारा अडवतो तो सायकलपेक्षा सायकलवर बसलेला माणूस. झालं. मी माणसाच्या मागे लागलो. पहिल्यांदा बाथरूमची कडी लावून पायांचे केस काढले. मग डोक्यावरचे. टक्कल केलं की हेल्मेट घट्ट बसतं, हे निदान सांगता येण्यासारखं कारण होतं. राहिली मिशी.

आमच्याकडे, बागलाणात, बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत. बाप गेला की डोकं आणि मिशी एकदमच उतरते, आणि गावातल्या कुणालाही सांगावं लागत नाही की काय झालं. मिशीने वारा अडत नाही, हे मलाही कळत होतं. पण शर्यतीच्या आदल्या दिवशी गटातल्या एका पोराने चेष्टा केली, "काका, सगळं काढलंत, मग तेवढं एअरब्रेक कशाला ठेवलंय?" सगळे फिदीफिदी हसले. आणि मी घरी येऊन वस्तरा घेतला. इतका पोरकटपणा! आजही आठवलं की एकटा असलो तरी मान खाली जाते.

बायको दारात उभी. "अहो, मामंजी घरात बसलेत. काही वाटतं का?"

"त्यांना कुठे दिसतंय?" मी म्हणालो. हे मी म्हणालो.

आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नामपूरकडच्या आमच्या गावाहून माझ्याकडे आले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यालाही मोतीबिंदू, त्यातून फक्त उजेड-अंधार कळायचा. दिवसभर व्हरांड्यात बसायचे आणि बोलायला कुणी भेटलं की गावाकडच्या गोष्टी सांगायचे. त्यात त्यांचा धाकटा भाऊ यायचाच. ह्या माझ्या काकांचं आणि आबांचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं होतं. बांधाला बांध लागून शेत, पण कित्येक वर्षं एकमेकांशी शब्द नाही. आबा मात्र त्याबद्दल निर्धास्त होते. "आज बोलत नाही ना, नको बोलू," म्हणायचे. "मी गेल्याचं कळू दे. तसाच अनवाणी पळत येईल. रक्त आहे ते." हे ते इतक्या खात्रीने सांगायचे की वाटे, मरणाची त्यांना भीती नव्हती ती ह्या एका भरवशामुळेच.

शर्यतीबद्दल काय सांगू? सातपूर मागे पडेपर्यंत मी खरंच वाऱ्यासारखा गेलो. अंजनेरीच्या अलीकडे बाजूने वारा आला आणि मागच्या चाकाने तो पकडला. सायकल रस्ता सोडून डांबराच्या कडेला जायला लागली. तेवढ्यात फ्लेक्सची शिवण उसवली. फटफट फटफट आवाज, पुढाऱ्याचा अर्धा चेहरा बाहेर लोंबायला लागलेला, आणि माझ्या मागून सुटलेला पोरगा मला ओलांडताना म्हणाला, "काका, जपून!" पेगलवाडी फाट्याला शर्यत संपली तेव्हा माझ्या डोळ्यांतून वाऱ्याने घळाघळा पाणी वाहत होतं, आणि खोटं कशाला बोलू, सगळंच वाऱ्याने नव्हतं. हेल्मेट आणि घामाने चिंब झालेला शर्ट काढला, उघड्या अंगावर पांढरा टॉवेल घेतला आणि रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसलो. श्वास पुरत नव्हता.

तेवढ्यात त्र्यंबकेश्वराकडून एक जीप आली आणि माझ्याजवळ येऊन हळू झाली. आत आमच्या गावचा एक भाऊबंद, घरच्यांना घेऊन पूजेला आलेला असणार. त्याने माझ्याकडे पाहिलं. खिडकीतूनच हात जोडले, मान हलवली. मला बोलायची ताकद नव्हती. मीही हात जोडले आणि मान खाली घातली. जीप पुढे गेली. मला वाटलं, बरा माणूस आहे, हरलेल्याला नमस्कार करतो.

आता तुम्हीच बघा. वाट त्र्यंबकेश्वराची, जिथे लोक पितरांचं करायला येतात. रस्त्याकडेला एक माणूस, डोकं गुळगुळीत, मिशी नाही, उघड्या अंगावर पांढरं फडकं, डोळे लाल. त्याचे वडील ऑपरेशनला नाशिकला गेलेले. तो भाऊबंद आणखी काय समजणार होता? अशा माणसाला थांबून 'कोण गेलं?' असं कुणी विचारतं का? आणि शेजारी पडलेल्या सायकलवरून त्याने काही ओळखावं, तर ती तेव्हा सायकलसारखी दिसतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघायच्या तयारीत होतो. आबा व्हरांड्यात चहा पीत होते. कॉलनीच्या फाटकातून एक टेम्पो आला आणि आमच्या दारात थांबला. मागचं फळकं पडायच्या आत आत्याचा हंबरडा ऐकू आला. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. आमच्या अहिराणीत "मना भाऊ रे!", माझा भाऊ रे, असं करत ती उतरली, तिच्यामागे बायका, त्यांच्यामागे डोक्याला उपरणी गुंडाळलेले पुरुष. काहींच्या चेहऱ्यावर दुःख होतं, काहींच्या रागही होता. आम्हाला कळवलं नाही, परस्पर सगळं उरकून टाकलं, हा राग; त्या रागातच कुणी आधी फोनही केला नव्हता.

आबांनी कप खाली ठेवला. आवाजाच्या दिशेने तोंड केलं आणि घाबरून विचारलं, "कोन गया? कोन गया रे?"

आत्याचा हंबरडा तिथेच थांबला. ती आबांकडे बघत राहिली, मग माझ्या डोक्याकडे, मग माझ्या ओठाकडे. आणि सगळ्या कॉलनीसमोर तिने माझ्या थोबाडीत दिली. "मेल्या, बाप बसेल शे आन् मिशी काढीसन फिरस!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं आपण सहज म्हणतो. मी त्या दिवशी ते अनुभवलं. शेजारची मंडळी आपापल्या दारात आली होती. एका भावकीतल्या म्हाताऱ्याने विचारलं, "पण काढली कशापायी?" मी सांगितलं, "सायकल जोरात पळावी म्हणून." मग टेम्पोतली पोरं हसायला लागली, मग बायका पदर तोंडाला लावून, मग सगळेच. माझी बायको आत जाऊन चहाचं आधण चढवत होती. तिने एवढ्या माणसांना चहा केला, पोहे केले, आणि दिवसभर मला एक शब्द बोलली नाही.

आबांनी मला जवळ बोलावलं. हात पुढे करून माझ्या ओठावरून बोटं फिरवली, मग डोक्यावरून. मला वाटलं आता शिव्या येणार. आल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ते हसले. "लय खुळा शे तू," म्हणाले, आणि पाठ थोपटली. ती थाप मला आत्याच्या थपडेपेक्षा जास्त लागली.

मग त्यांना ह्या सगळ्याची मजाच वाटायला लागली. स्वतःच्या मयताला आलेली माणसं कुणाला भेटतात? एकेकाला पुढे बोलवत होते, हात हातात घेऊन ओळखत होते. "तू पण आलास? तुझी म्हैस व्यायला झाली होती ना?" "तू माझ्यासाठी रडलीस? खरं सांग!" व्हरांड्यात लग्नघरासारखा गोंगाट झाला होता. मीसुद्धा जरा सावरलो. म्हटलं, निभावलं. हसं झालं ते झालं, कुणाचं वाईट तर नाही ना झालं?

सगळ्यांचे हात धरून झाले. आबांनी आणखी एकदा हात पुढे केला, मोकळ्या जागेत. "आणि धाकटा?"

त्या हाताकडे कुणी सरकलं नाही.

"त्याला निरोप गेला नाही का?"

"गेला," आत्या म्हणाली. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही. "मी सोताच गेली त्याच्या दारात."

"मग?"

"कांदा भरेल व्हता त्याचा. बाजार समितीत निघाला व्हता."

आबांचा हात तसाच पुढे राहिला. मग त्यांनी तो मांडीवर घेतला. हसू कधी गेलं ते कळलं नाही. पट्टी नसलेल्या डोळ्याने ते कुठेतरी उजेडाकडे बघत होते. "मना भाऊ उना नही," भाऊ आला नाही, इतकंच म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. मग बायकोने केलेले पोहे सगळ्यांना मिळाले का, म्हणून विचारलं.

मी तिथे उभा होतो, बिनमिशीचा. जी गोष्ट त्यांना जिवंतपणी कधीच कळायची नव्हती, ती मी त्यांना कळवली होती. कशासाठी? एका पोराने चेष्टा केली म्हणून. फ्लेक्स, खुर्ची, थर्माकोल, सगळं त्याच आठवड्यात भंगारवाल्याला दिलं. त्याने काय होणार होतं! आबा पट्टी सुटल्यावर गावी गेले आणि त्यानंतर बरीच वर्षं जगले. नजर चांगली आली होती. बांधावर काका दिसले की तोंड फिरवून घ्यायचे. भावाच्या गोष्टी सांगणं त्यांनी बंद केलं, आणि शेवटच्या दुखण्यात, रात्री मी उशाशी असताना, मरणाला फार घाबरायचे. माझा हात सोडायचे नाहीत.

ते खरंच गेले तेव्हा रडणं अंगणाबाहेर पोचायच्या आत काका आले. लोकांना ढकलत आले, पायात काही नव्हतं. आबांचे पाय धरून बसले ते उठेनात. तिरडीला पुढचा खांदा त्यांनी दिला आणि नदीपर्यंत कुणाला बदलू दिला नाही. परत येताना ते माझ्याबरोबर चालत होते. म्हणाले, त्या खोट्या निरोपाच्या वेळी पण मी निघालो होतो. लिलावाला लावलेला ट्रॅक्टर तसाच सोडून स्टँडवर गेलो, एसटीच्या पायरीवर पाय ठेवला, आणि वर चढवेना. जिवंत होता तोवर बोललो नाही, आता कुठल्या तोंडाने जाऊ, असं झालं. तिथेच बसून राहिलो संध्याकाळपर्यंत.

मला इतकं बरं वाटलं की मी काकांना मागे टाकून झपाझप घराकडे निघालो. आबांना हे आधी सांगायचं होतं. ओसरीवर पोचलो तर त्यांची खाट कुणीतरी धुऊन भिंतीला उभी करून ठेवली होती.