हातप्रेसचा जोर

शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासानं मला शुक्रवार पेठेतलं आमचं वर्कशॉप आठवतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर कामं आटली, म्हणून यजमानांनी हातप्रेस विकायला काढला होता. त्याच्या वरच्या आडव्या दांड्याच्या टोकांचे जड गोळे हातानं फिरवले की स्क्रू खाली उतरून पत्रा दाबायचा. मोडनिंबहून आलेल्या गिऱ्हाइकानं विचारलं, "दाब किती टनाचा हाय?" "हातानं फिरवायचा, टन कसे सांगू?" म्हणत यजमानांनी जाड लोखंडी पट्टी ठेवून गोळे फिरवले. पट्टी मुकाट वाकली. त्याला ते पुरेना. मग यजमानांनी पट्टी काढून तस्साच झोका दिला, आणि खाडकन आवाज होऊन खालचा पोलादी साचा तडकला. मी चक्रावले. हात तोच, झोका तोच. पट्टी होती तेव्हा साच्याला काही झालं नाही, मग मधे काहीच नसताना पोलाद कसं फुटलं? "मघाशी पट्टी वाकण्यात जोर जिरला, आता जिरवायला काही नव्हतं," यजमान एवढंच पुटपुटले. सौदा मोडला असं मला वाटलं, तर "लई टनाचा हाय की," म्हणत गिऱ्हाइकानं खुशीत प्रेस नेला. आता नातीला मी बजावते, कापड घातल्याशिवाय मशीन चालवू नको. ती 'का' विचारते, आणि मी तेलाची बुधली पुसत बसते.