भिकनचं येणारं औषध

भिकन आमच्या वसाहतीतला पहिला लॅबवाला. शहात्तर साली कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागला, पण त्याची आई नवसाबाई सगळ्यांना सांगायची, "माझा भिकन औषधं बनवतो." माणूस सरळ, पण एकदा डोक्यात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

त्याचं काम म्हणजे सकाळी खाटकाकडून बोकडाचे डोळे आणायचे. प्रयोगशाळेतले सर त्यातलं भिंग काढून साखरेच्या पाण्यात ठेवायचे. ते पांढरं पडायचं, मोतीबिंदूसारखं. दुसऱ्या बशीत ते कार्नोसिन नावाची पूड मिसळायचे. हा पदार्थ मटणातही असतो, असं भिकनने सांगितल्यावर आम्ही सोडतो की काय! "मग नवसाबाईला रोज रस्साच पाज!" पण त्या बशीतलं भिंग जास्त वेळ स्वच्छ राहायचं. खाली वर्तमानपत्राचा कपटा सरकवला तर अक्षरं दिसायची. भिकनने ती स्वतः वाचली होती.

नवसाबाईचा एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला. उरलेल्यात मोतीबिंदू झाला. नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या शाळेत फुकट शस्त्रक्रियेचं शिबिर लागलं, तेव्हा शेजारची चतुराबाई गेली आणि बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावून तांदळातले खडे वेचू लागली. नवसाबाईही पिशवी भरून तयार होती.

भिकनने तिला अडवलं. "एकच डोळा हाय, आये. त्याला सुरी नको. औषध येऊ दे, नुसते थेंब घालायचे."

"तुझे सर म्हणत्यात का तसं?"

"मी डोळ्यानं पाहिलंय."

सर तसं म्हणत नव्हते. बशीतलं भिंग वेगळं, जित्या माणसाचा डोळा वेगळा, असंच ते बजावायचे. भिकनला ते कळायचं, पटायचं नाही. पुढच्या शिबिरांनाही त्याने आईला जाऊ दिलं नाही. तेव्हा आम्ही चार बायकांनी तिला ओढून न्यायला हवं होतं, याची अजून हळहळ वाटते.

शेवटी डोळा लाल झाला, कपाळ ठणकायला लागलं. दवाखान्यात तिला आत बाकावर बसवून डॉक्टर दाराशी भिकनला म्हणाले, "मोतीबिंदू फार पिकला. दाब वाढून आतली नस मेली. आधी आणलं असतं तर दिसलं असतं."

भिकनने आईला सांगितलं, "औषध येईपर्यंत थांबायचं म्हणतात." त्यानंतर तो तिच्यापुढे बसेनाच. ताट ठेवायचा आणि निघायचा. मग ती विचारायची, "आलं का रं औषध?" तो दारात थांबायचा. "नाय, आये. येईल." सर नाशिक सोडून गेले, प्रयोग बंद पडला, तरी हेच. माझा संताप व्हायचा. म्हातारीला किती फसवावं माणसानं?

एका बुद्धपौर्णिमेला मी खीर द्यायला गेले, तर भिकन आईच्या पायाशी बसून रडत होता. "आये, औषध येणार नाय. डोळा गेला तुझा. माझ्यामुळं गेला."

"ठाऊक हाय," नवसाबाई म्हणाली. "डाक्टर बोलला तवा मला ऐकू येत व्हतं."

"मग रोज का इचारायचीस?"

तिने चाचपडत त्याचं डोकं शोधलं. "दुसरं काय इचारलं तर तू थांबत नव्हतास."